खर्रा, दांत आणि पुरावा

दांत ठणकूं लागला म्हणजे एकत्र कुटुंबांत वैद्यांची वाण पडत नाहीं. आजीबाई लवंगेचें तेल कापसाच्या बोळ्यावर घालून आणतात. मधले काका हिंगाचा खडा पोकळींत दाबावयास सांगतात. शेजारचे गृहस्थ आपला नागपूरचा डॉक्टर किती हलक्या हाताचा आहे याचें वर्णन करितात. आणि कॉलेजांत शिकणारा पुतण्या मोबाइलवर वाचलेली एखादी नवीच युक्ति पुढें करितो. गंमत अशी कीं, ह्यांपैकीं कोणीही खोटें बोलत नसतें. प्रत्येकाच्या औषधानें कोणाचा ना कोणाचा तरी दांत खरोखरच दुखावयाचा राहिलेला असतो. मग ऐकावें कोणाचें?

ह्याचा उलगडा करावयाचा तर दांत दुखतो कसा, आणि विशेषतः दुखावयाचा थांबतो कसा, हें आधीं पाहिलें पाहिजे. दांताच्या पोटांत एक मऊ गाभा असतो; त्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात. कीड वरचें कठीण कवच पोखरीत गाभ्यापर्यंत पोंचली म्हणजे तो सुजतो. भोंवतीं दगडासारखी भिंत, सुजेला फुगावयास जागा नाहीं, म्हणून ठणका. कांहीं दिवसांनीं हा गाभा मरतो आणि त्याबरोबर ठणकाही एकाएकीं थांबतो. रोगी म्हणतो, "सुटलों बुवा!" वस्तुतः दांत बरा झालेला नसतो, तो मेलेला असतो, आणि पुढें केव्हांतरी मुळाशीं पू धरून गाल सुजला म्हणजे त्याची वार्ता लागते. परंतु ठणका थांबण्याच्या आदल्या दिवशीं जें कांहीं केलें असेल—लवंग, हिंग, दाढेखालीं धरलेली तंबाखूची चिमूट, देवाचा अंगारा—त्याच्या पदरांत यश पडून जातें. मशेरीचें किंवा तंबाखूचें व्यसन जडलेल्या कित्येक वृद्ध बायांस विचारावें, त्या सांगतात कीं, आरंभ दांतदुखीपासून झाला. दुखणें आपल्या गतीनें गेलें. औषध मात्र जन्मभर राहिलें.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट किडे काढणारांची. रिंगणीच्या बियांचा धूर तोंडांत घेऊन दांतांतले किडे पाडण्याचा उपाय आपल्या खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक आहे. युरोपांतही पूर्वीं खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून असाच धूर देत. तापलेलें बी फुटून त्यांतील पांढरा, वांकडा अंकुर बाहेर पडे, आणि तोच किडा म्हणून रोग्यास दाखविला जाई. रोग्यानें तो डोळ्यांनीं पाहिलेला असे! म्हणजे प्रत्यक्ष पाहणें हाही पुरावा दरवेळीं पुरतोच असें नाहीं. दुखणें आपोआप किती जणांचें राहतें, तें औषध न घेतलेल्यांकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं. आणि औषध न घेतलेल्यांकडे पाहावयास घरांत कोणालाच सवड नसते.

तुलनेचा हा कांटा वैद्यकांत प्रथम ज्या प्रसिद्ध प्रयोगांत वापरला गेला, त्याचा संबंध हिरड्यांशींच आहे. इ. स. १७४७ च्या मे महिन्यांत इंग्रजी आरमारांतील 'सॅलिसबरी' ह्या जहाजावर जेम्स लिंड नांवाचा डॉक्टर होता. खलाशांस स्कर्व्ही झाली होती. हिरड्या सुजून सडत, दांत हलत, गुडघ्यांतील बळ जाई. लिंडनें शक्य तितके सारख्या स्थितींतील बारा रोगी निवडले, त्यांस एका जागीं ठेविलें, अन्नही एकच दिलें, आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळें औषध सुरू केलें. कोणास सफरचंदाची मदिरा, कोणास गंधकाम्लाचा पातळ अर्क, कोणास शिरका, कोणास समुद्राचें पाणी, कोणास लसूण-मोहरीचा अवलेह. एका जोडीस मात्र रोज दोन संत्रीं व एक लिंबू. सहा दिवसांत फळें संपलीं. पण तेवढ्या अवधींत त्या जोडीपैकीं एक खलाशी कामावर रुजू होण्याजोगा झाला होता. इतका उघड निकाल हातीं असूनही आरमारानें लिंबाचा रस सरसकट देण्याचा हुकूम काढला तो १७९५ सालीं. सरकारी कागद तेव्हांही आजच्यासारखेच चालत असावेत.

पुढें ह्या रीतींत एक महत्त्वाची सुधारणा झाली. कोणत्या रोग्यास कोणतें औषध द्यावें हें डॉक्टरानें न ठरवितां जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवावें. कारण उघड आहे. नवें औषध हातीं आलें म्हणजे डॉक्टर नकळत तें जरा धडधाकट रोग्यासच देतो, आणि मग तो बरा झाल्याचें श्रेय औषधास मिळतें. १९४८ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चांचणीपासून ही चिठ्ठ्यांची पद्धति वैद्यकांत रूढ झाली.

अडाणी माणसेंच फसतात, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. इ. स. १९१० मध्यें विल्यम हंटर ह्या ब्रिटिश डॉक्टरानें कॅनडांतील माँट्रिअल येथें एक व्याख्यान दिलें, आणि दांत व हिरड्या ह्यांत दडून राहिलेला पू हा साऱ्या शरीरांतील रोगांचें मूळ आहे, असें आग्रहानें प्रतिपादन केलें. कल्पना बुद्धीस पटण्यासारखी होती. मग काय! संधिवात झाला कीं काढा दांत, अशक्तपणा आला कीं काढा दांत. अमेरिकेंतील ट्रेंटन येथील वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख हेन्री कॉटन ह्यांनीं तर वेडावर उपाय म्हणून शेंकडों रोग्यांचे दांत उपटले, आणि शंभरांतील पंचाऐंशीं बरे होतात असें जाहीर केलें. हे गृहस्थ लबाड नव्हते. त्यांनीं स्वतःच्या मुलांचेही दांत त्याच श्रद्धेनें काढविले होते. फिलिस ग्रीनेकर ह्या विदुषीनें १९२४-२५ च्या सुमारास रोग्यांचीं टिपणें एक एक करून तपासलीं, तेव्हां त्या 'पंचाऐंशीं'तलें फारसें कांहीं उरलें नाहीं. पण तो अहवाल दडपला गेला. शेवटीं १९३८ सालीं सेसिल व अँजेव्हाइन ह्या दोघांनीं संधिवाताच्या २०० रोग्यांचा हिशेब मांडून दांत काढण्याचा कांहीं उपयोग होत नाहीं असें दाखविलें. ह्यांतील सेसिल हे पूर्वीं ह्याच मताचे पुरस्कर्ते होते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मधल्या काळांत निरोगी दांत किती गेले ह्याची गणती कोणीं ठेविली आहे?

आतां आमच्या जंगलपट्टीकडे वळूं. विलायतेंतल्या गोष्टी सांगून आमच्या लोकांस काय उपयोग, असें कोणी म्हणेल. आणि म्हणणें रास्त आहे. परंतु तुलनेचा हा कांटा ज्या थोड्या ठिकाणीं आपल्या देशांत खेड्यांतल्या अंगणापर्यंत जाऊन पोंचला, त्यांत गडचिरोलीचें नांव अग्रभागीं आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं हा जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला. १९८६ सालीं डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं येथें 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनीं आरंभींच दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हां १०० पैकीं ९२ स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग असल्याचें आढळलें. आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया १०० त अवघ्या ८ होत्या. १९८९ सालीं हें प्रसिद्ध झालें तेव्हां जगांतले डॉक्टर चकित झाले. रोग नवा नव्हता. कोणी पाहिलेंच नव्हतें.

पुढें नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा प्रश्न हातीं घेतला. ३९ गांवांत गांवचीच एक शिकविलेली बाई घरोघर जाऊन बाळंतिणीची व बाळाची काळजी घेई. ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. आरंभीं दोन्हींकडे एक हजार जन्मांमागें साठाच्या आसपास बाळें महिन्याच्या आंत दगावत. तिसऱ्या वर्षीं पहिल्या गांवांत हा आंकडा सुमारें २६ वर आला. तुलनेच्या गांवांत तो ६० च्या घरांतच राहिला. १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या साप्ताहिकांत तो वृत्तांत आला, आणि २०११ सालीं भारत सरकारनें ही घरपोंच बालसेवा देशभर स्वीकारली. ह्यांतही गांवें चिठ्ठ्या टाकून वांटलेलीं नव्हतीं, ही उणीव जाणत्यांनीं दाखविली आहे. म्हणूनच तो प्रयोग महाराष्ट्रांत इतर सात ठिकाणीं करून पाहण्यांत आला. आमच्या मतें ही उणीव मोकळेपणीं सांगतां येणें हीच त्या कामाची पत आहे. तुलनेचीं ४७ गांवें नसतीं तर पहिल्या ३९ गांवांचें यश हें पाऊसपाण्याचें, रस्त्याचें कीं त्या बायांचें, हें कोण सांगणार होतें?

हा कांटा तोंडाच्या रोगांस लावावयाची ह्या जिल्ह्यांत जितकी गरज आहे तितकी महाराष्ट्रांत क्वचितच कोठें असेल. कारण येथें खर्रा आहे. पुण्यामुंबईच्या वाचकांस हा पदार्थ कदाचित् ठाऊक नसेल. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना एकत्र घेऊन प्लास्टिकच्या पन्नींत घोटून घोटून तो बनवितात आणि पुडी बांधून देतात. चंद्रपूर-गडचिरोलींत पानठेल्यावर तो मिळतो, किराण्याच्या दुकानांत मिळतो. पाहुण्यास चहाच्या आधीं पुढें होतो. शेतांत रोवणीवर असलेल्या बाया तो खातात, शाळेंतलीं मुलें खातात. सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण हातानें घोटलेल्या पुडीला ना कारखाना ना छाप. २०१६ पासून राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स व 'सर्च' ह्यांनीं लोकांच्या सहभागानें 'मुक्तिपथ' ही दारू-तंबाखूविरुद्धची मोहीम गडचिरोली जिल्ह्यांत चालविली ती ह्याच कारणासाठीं.

खऱ्र्यांतील तंबाखूची भीति सर्वांस सांगितली जाते. सुपारी मात्र आपल्याकडे पूजेच्या तबकांतली असल्यामुळें निर्दोष समजली जाते. सुपारींत अरेकोलीन नांवाचें द्रव्य असतें. तें गालाच्या आंतल्या अस्तरांतील तंतु बनविणाऱ्या पेशींस चेतवितें. हे तंतु वाढतात, आवळतात, आणि विरघळेनासे होतात. गाल आंतून चामड्यासारखा ताठ व फिकट होतो. प्रथम तिखट सोसेनासें होतें, मग जांभई देतां येत नाहीं, मग घांस मोठा घेतां येत नाहीं. विशीं-पंचविशींतला तरुण वरणभात बोटाच्या टोंकानें तोंडांत सारतांना दिसला तर ओळखावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तंबाखू नसलेली निव्वळ सुपारीही मनुष्यास कर्करोग करणारी म्हणून नोंदविली आहे.

ह्या ताठरलेल्या तोंडांतून पुढें कर्करोग किती जणांस होतो? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दंतसंशोधन विभागानें केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत अशा ६६ रोग्यांचा १७ वर्षेंपर्यंत माग ठेविला; त्यांतील ५ जणांस कर्करोग झाला, असें १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. पुस्तकांतून व इस्पितळांच्या भिंतींवरून "७.६ टक्के" हा आंकडा दिसतो तो येथला. आतां हा आंकडा कसा वाचावा? ६६ ही संख्या लहान आहे. ५ च्या ऐवजीं ३ किंवा ८ झाले असते तरी नवल नव्हतें. तेथील लोक बहुधा पान-सुपारी खाणारे, आमच्याकडचे खर्रा खाणारे. म्हणून "शंभरांत साडेसात" असें तिथिवार घेऊन बसूं नये. पण धोका काल्पनिक नाहीं आणि तो वर्षानुवर्षें टांगता राहतो, इतकें त्यावरून निश्चित धरावें. ज्यांनीं ह्या रोग्यांस १७ वर्षें शोधून काढलें त्यांच्या चिकाटीस आम्ही वंदन करितों.

आणि उपचार? येथें आम्हांस कठोर बोलावें लागतें, कारण घराघरांतला पैसा ह्यांत जात आहे. गालांत टोंचावयाचीं इंजेक्शनें, टोमॅटोंतील लाल द्रव्याच्या गोळ्या, तोंड उघडण्याचे व्यायाम, शस्त्रक्रिया, असे अनेक उपाय सांगितले जातात. जगांतील चांचण्या गोळा करून त्यांची छाननी करणारी 'कॉक्रेन' नांवाची एक संस्था १९९३ पासून आहे. आर्ची कॉक्रेन ह्या ब्रिटिश डॉक्टरानें १९७२ सालीं "कोणता उपचार खरोखर चालतो तें आधीं सिद्ध करा" असा टाहो एका लहानशा पुस्तकांतून फोडला होता, त्याच्या नांवावरून ती निघाली. ह्या संस्थेनें २००८ सालीं ह्या रोगाच्या उपचारांची छाननी केली तेव्हां विचारांत घेण्याजोग्या चांचण्या सांपडल्या फक्त दोन, आणि त्यांत मिळून रोगी ८७. विसंबून राहावें असा पुरावा नाहीं, हा निष्कर्ष. त्यानंतर चांचण्यांची संख्या वाढली आहे; खात्री त्या मानानें वाढलेली नाहीं. ह्याचा अर्थ उपचार करूं नये असा नव्हे. व्यायामानें कोणाचें तोंड थोडें अधिक उघडूं लागेल, इंजेक्शनानें जळजळ कमी होईल. अर्थ इतकाच कीं, शेत गहाण टाकून "हमखास" बरें करून देणाऱ्याकडे जाऊं नये. आणि खर्रा चालू ठेवून कोणताही उपचार करूं नये.

सोडून उपयोग होतो काय, ह्याचें उत्तर त्याच मुंबईच्या मंडळींनीं दिलें आहे. ३६ हजारांवर तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या खेडुतांस त्यांनीं तोंड तपासून, दाखवून, समजावून सांगितलें. १९८६ सालीं त्यांनीं कळविलें कीं, समजावलेल्यांत व्यसन सोडणारे वाढले आणि तोंडांत नवे पांढरे चट्टे उठण्याचें प्रमाण घटलें. पुढें काय होणार ह्याची भीति घालण्यापेक्षां रोग्याच्या हातीं आरसा देऊन त्याचाच गाल त्यास दाखविणें अधिक परिणामकारक, असें आम्हांस ह्यावरून वाटतें.

परंतु ह्या पट्टीसाठीं सर्वांत वजनदार पुरावा तिरुअनंतपुरमचा आहे, आणि तो कसा तोलावा हें थोडें सविस्तर सांगणें भाग आहे. १९९६ पासून त्या जिल्ह्यांत १३ पंचायतींचे दोन भाग करण्यांत आले, तेही चिठ्ठ्यांच्या रीतीनें. सात भागांत शिकविलेले कार्यकर्ते, जे डॉक्टर नव्हते, घरोघर जाऊन ३५ वर्षांवरील माणसांचीं तोंडें उजेडांत पाहत व संशयित चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे पाठवीत. सहा भागांत नेहमींप्रमाणेंच चाललें होतें. एकूण माणसें १ लाख ९१ हजारांवर. २००५ सालीं निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु ३४ टक्क्यांनीं कमी झाले होते. सर्व माणसें मिळून पाहतां मात्र जी घट दिसली ती योगायोगानेंही घडूं शकली असती, इतकीच होती. म्हणजे सरसकट सर्वांचें तोंड पाहण्यांत फारसा लाभ सिद्ध झाला नाहीं. व्यसन असणाऱ्यांचें पाहण्यांत झाला.

पंधरा वर्षांनंतर पुन्हां हिशेब केला तेव्हां व्यसनी माणसांतली घट २४ टक्के भरली. त्याच अहवालांत आणखी एक आंकडा आहे: जे व्यसनी लोक चारही वेळां तपासणीस हजर राहिले त्यांच्यांत मृत्यु ८१ टक्क्यांनीं कमी. हा आंकडा पाहून कोणाच्याही तोंडास पाणी सुटेल, आणि जाहिरातींत बहुधा हाच छापला जाईल. पण क्षणभर थांबावें. चारही वेळां घरीं सांपडणारा, बोलावल्यावर तोंड उघडणारा मनुष्य मुळांतच सावध, प्रकृतीस जपणारा असतो. आणि जो मध्येंच मेला तो चौथ्या तपासणीस हजर राहणार कसा? म्हणून ८१ चा मोह सोडून २४ वरच हात ठेवावा. २४ सुद्धां लहान नव्हे. आमच्या माहितींत ह्या रोगावर ह्या प्रतीचा दुसरा पुरावा कोठेंही नाहीं.

तरीही तिरुअनंतपुरम म्हणजे भामरागड नव्हे. तेथें संशयित रोग्यास पाठवावयाचें कर्करोग इस्पितळ जवळ होतें. सिरोंचाचा मनुष्य गडचिरोलीस यावयासच दोनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करितो, आणि तेथून नागपूर आणखी दूर. चट्टा दिसला, पण रोगी पोंचलाच नाहीं, तर पाहण्याचा उपयोग काय? दुसरें असें कीं, तेथें ३५ वर्षांवरील माणसें पाहिलीं. खर्रा तर शाळेच्या वयांत सुरू होतो आणि गाल विशींत ताठरतो. सरकारी योजनेंत तोंडाची तपासणी ३० व्या वर्षापासून करावी असें २०१६ पासून आहे. खऱ्र्याच्या मुलखांत त्याहूनही आधीं आरंभ करावा, असें आमचें मत आहे. पण तें मतच आहे, चांचणीनें सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. सिद्ध काय आणि अनुमान काय, हें डॉक्टरांनीं व लेखकांनीं निरनिराळें सांगावें एवढीच आमची विनंति.

परका पुरावा आपल्या विहिरीवर आणून कसा पाहावा, ह्याचें दुसरें उदाहरण पाण्याचेंच आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टनें मुलांची दांतकीड सरासरीनें २४ टक्क्यांनीं टळते, असें २००३ सालीं ७० चांचण्यांतील ४२ हजारांवर मुलांच्या हिशेबावरून निघालें. ह्या पुराव्यावर शंका घेण्यास फारशी जागा नाहीं. परंतु चंद्रपूर जिल्ह्याच्या कांहीं भागांत जमिनीखालच्या पाण्यांतच फ्लोराइड अधिक आहे. दर लिटरमागें १ मिलिग्रॅमपर्यंत तें असावें, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालावें, असें भारतीय मानक सांगतें. त्याहून अधिक असलेलें पाणी लहानपणीं पोटांत गेलें तर जबड्यांत तयार होणाऱ्या दांतांवर खडूसारखे पांढरे, मग पिंगट डाग पडतात. अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज ह्या गांवीं मॅके नांवाच्या दंतवैद्यानें असे डाग विसाव्या शतकाच्या आरंभीं पाहिले, आणि त्यांचें कारण पाण्यांतील फ्लोराइड हें १९३१ सालीं ठरलें. आपल्याकडे १९३७ सालीं नेल्लोर जिल्ह्यांतून तशीच बातमी आली. हे डाग ब्रशनें जात नाहींत, कारण ते दांताच्या घडणींतलेच असतात. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनीं पिंगट दांत पाहून "अस्वच्छता" असा शेरा मारावा, ह्यापरता दुसरा अन्याय नाहीं. अशा गांवांत पेस्टच्या आधीं पाण्याची परीक्षा करवावी. आठ वर्षांखालील मुलास कमी फ्लोराइडचें पाणी पाजावें. लहान मूल पेस्ट गिळत नाहीं इकडे लक्ष ठेवावें. आणि पाणी उकळल्यानें फ्लोराइड जात नाहीं, उलट पाणी आटल्यानें दाट होतें, हें स्वयंपाकघरांत अवश्य सांगावें.

शहरांतल्या सुखवस्तु कुटुंबांसाठीं चार शब्द. दर सहा महिन्यांनीं दांत दाखविलेच पाहिजेत हा नियम बहुतेकांस वेदवाक्य वाटतो. ब्रिटनमध्यें ५१ दवाखान्यांतील २३७२ प्रौढांवर चार वर्षें चांचणी होऊन २०२० सालीं जें आढळलें तें असें, कीं सहा महिन्यांनीं येणारे आणि ज्यांना धोका कमी म्हणून दोन वर्षांनीं बोलाविलें ते, ह्यांच्या हिरड्यांतून रक्त येण्यांत फरक पडला नाहीं. पण ते सारे नियमानें दंतवैद्याकडे जाणारे लोक होते. ज्यानें दंतवैद्य कधींच पाहिला नाहीं, अशा एटापल्लीच्या माणसास हा निकाल लावून "नाहीं गेलास तरी चालेल" म्हणणें म्हणजे शुद्ध गैरसमज. अक्कलदाढेचेंही तसेंच: ती आडवी असली तरी निरोगी असेल, त्रास देत नसेल, तर केवळ पुढच्या भीतीनें काढूं नये, असें इंग्लंडांतील सरकारी संस्थेनें २००० सालींच सांगितलें आहे.

दंतवैद्यास प्रश्न विचारणें हा आपल्याकडे उद्धटपणा समजतात. तो तसा असण्याचें कारण नाहीं. "डॉक्टरसाहेब, हें न केलें तर काय होईल? किती जणांस होतें? माझ्यासारख्या माणसांवर हें पाहिलें आहे काय?" एवढें मृदुपणें विचारावें. चांगला डॉक्टर रागावत नाहीं. उलट "ह्याबद्दल नक्की सांगतां येत नाहीं" असें म्हणण्याची मोकळीक त्यास मिळते. १९९६ सालीं सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाची जी व्याख्या केली, तींतही केवळ छापील पुरावा नव्हता. डॉक्टरांचा हात आणि रोग्याची इच्छा ह्यांनाही त्यांनीं त्यांत जागा दिली होती.

घरांत कोणी खर्रा, तंबाखू, मशेरी घेत असेल तर महिन्यांतून एकदां त्याचें तोंड घरच्यांनींच पाहावें, आणि संकोच न करितां आरंभ वडील माणसांपासून करावा. मधलीं तीन बोटें एकावर एक अशीं उभीं धरून समोरच्या दांतांमध्यें जातात कीं नाहीं तें पाहावें. जात नसतील तर तोंड आवळूं लागलें समजावें. मग बॅटरीचा उजेड घेऊन दोन्ही गालांच्या आंतली बाजू, ओंठ उलटून त्यांची आंतली बाजू, आणि जीभ बाहेर काढावयास सांगून तिच्या कडा न्याहाळाव्या. पांढरा किंवा लाल चट्टा, गांठ, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, ह्यांपैकीं कांहीं दिसलें तर दुखत नसलें तरी जवळच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावें. आरंभीं तें बहुधा दुखत नाहींच. शेवटीं जीभ टाळ्यास लावावयास सांगून तिच्या खालचा भाग पाहावा. तेथें फारसें कोणी पाहत नाहीं.